नको असलेले युद्ध आणि आपल्या गावचा सैनिक

पहाटेच्या वेळी जुन्नरहून नारायणगावकडे किंवा घोडेगावहून मंचरकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुले तुम्हाला दिसतील. फज्रची नमाज आटोपून घरी परतताना कदाचित तुम्ही त्यांना पाहिलेही असेल. त्यांची भरतीची तयारी चाललेली असते. घरची जमीन थोडी, कांद्या-टोमॅटोचा भाव बेभरवशाचा, वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज. अशा घरातल्या मुलाला वर्दी म्हणजे महिन्याचा निश्चित पगार आणि गावात मान. त्यांच्यापैकी एखादा उद्या सैन्यात जाईल. पुढे त्याला कोठे पाठवायचे, कोणाविरुद्ध उभे करायचे, हे मात्र तो ठरवणार नाही.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. समजा, त्या मुलाला अशा एखाद्या युद्धावर पाठवण्यात आले, की जे तुमच्या विवेकबुद्धीला अन्यायाचे वाटते. तुम्ही त्याविरुद्ध बोललात, ते युद्ध पुकारणाऱ्यांना मतही दिले नव्हते. तरीही युद्ध झाले. तो मुलगा जखमी होऊन परत आला, किंवा तिरंग्यात गुंडाळलेली त्याची शवपेटी आली. अशा वेळी तुमचे त्याच्याशी नाते काय? त्याचे तुम्ही काही देणे लागता का?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले असे: “आम्ही विरोध केला होता, आमचे हात स्वच्छ आहेत, ज्यांनी पाठवले त्यांनी पाहून घ्यावे.” दुसरे असे: “तो आपला आहे, म्हणून त्याने जे केले ते सारे योग्यच.” पहिल्या उत्तरात माणूस टाकून दिला जातो, तर दुसऱ्यात न्याय. इस्लाम या दोहोंपैकी कशाचीही परवानगी देत नाही. तो कोणता मार्ग दाखवतो, हे समजून घेण्याचा या लेखात प्रयत्न करू या.

पुण्याचे नाव लावलेली फौज

हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज उतरवली, तिचे नावच ‘सहावी पुणे डिव्हिजन’ होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत मराठा सैनिकांच्या बरोबरीने दख्खनी मुसलमानही भरती होत असत. समोर तुर्कस्तानची फौज होती आणि तुर्कस्तानचा सुलतान त्या काळी मुसलमानांचा खलिफा मानला जाई. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे लढाई झाली. तेथून माघार घेतलेली फौज कूत येथे वेढ्यात सापडली. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार सैनिक कैद झाले आणि त्यांतले कित्येक वाळवंटातील पायपिटीत व कैदेत मरण पावले.

या सैनिकांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या आई-वडिलांनाही कोणी विचारले नव्हते. पुणे, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील अनेक गावांत आजही त्या काळातील संगमरवरी पाट्या आढळतात. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि किती मेली, एवढेच त्यांवर कोरलेले असते. आकडे असतात, नावे नसतात.

युद्धानंतर जुलै १९२१ मध्ये कराची येथे खिलाफत परिषद भरली. इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करणे मुसलमानांसाठी निषिद्ध आहे, असा ठराव तिने केला. त्याबद्दल मौलाना मुहम्मद अली, शौकत अली, मौलाना हुसैन अहमद मदनी आदींवर खटला भरला गेला आणि त्यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईहून गांधीजी व इतर पुढाऱ्यांनी एक जाहीरनामा काढला. सैनिकांनी सरकारशी संबंध तोडावा आणि उपजीविकेचे दुसरे साधन शोधावे, हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता.

या घटनेतील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, या पुढाऱ्यांनी सैनिकाला उपदेश करून स्वतः घरी बसणे पसंत केले नाही. त्या उपदेशाची शिक्षा त्यांनी स्वतः भोगली. दुसरी, उपजीविकेचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. नोकरी सोड म्हणणाऱ्याला, “मग मी खाऊ काय?” या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे. ते देता येत नसेल, तर आपण स्वतःच्या विवेकाची किंमत गरिबाच्या मुलाकडून वसूल करत असतो.

ज्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री गेले नाहीत

दुसरे उदाहरण स्वतंत्र भारतातले आहे. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे भारत-श्रीलंका करार झाला आणि भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. शांतता राखण्यासाठी गेलेली ही फौज ऑक्टोबरपासून तमिळ वाघांच्या संघटनेशी प्रत्यक्ष युद्धात गुंतली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतेपर्यंत सुमारे बाराशे भारतीय सैनिक मारले गेले होते. जाफन्यात लढलेल्या पलटणींत महार रेजिमेंटची आठवी पलटण होती. मरणोत्तर परमवीर चक्राने गौरवलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन याच पलटणीचे. त्यांचा जन्म मुंबईचा.

या युद्धाला देशात, विशेषतः तमिळनाडूत, तीव्र विरोध होता. विरोधाला आधारही होता. तमिळ नागरिकांचे प्राण जात होते. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. म्हणून शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी तिच्या स्वागताला गेले नाहीत. आपल्याच तमिळ बांधवांना मारणाऱ्या सैन्याचे स्वागत मी कसे करू, अशी त्यांची भूमिका होती.

वाचकहो, या भूमिकेवर लगेच निकाल देऊ नका. निरपराध मेलेल्यांचे दुःख खरे होते आणि त्यांच्या बाजूने कोणीतरी उभे राहणे आवश्यकच होते. पण बोटीतून उतरणाऱ्या त्या जवानाच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. तो ना करारावर सही करणारा होता, ना धोरण आखणारा. दिल्लीने पाठवले म्हणून तो गेला, दिल्लीने बोलावले म्हणून परतला. एका बाजूला युद्ध विसरून जाऊ पाहणारे सरकार, दुसऱ्या बाजूला त्याच्याकडे पाठ फिरवणारे विरोधक. या सैनिकांचे स्मारक श्रीलंकेने आपल्या भूमीवर २००८ मध्ये उभारले. नवी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन होण्यास मात्र फेब्रुवारी २०१९ उजाडावा लागला.

ओझे कोणाचे?

आता कुरआनकडे वळू या. सूरह अल-अन्आम (६:१६४) मध्ये स्पष्ट केले आहे, की ओझे वाहणारा कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. ज्याने पाप केले त्याचाच हिशेब होईल. मग ज्या युद्धाला आपण विरोध केला, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच कुरआनात सूरह अल-अन्फाल (८:२५) मध्ये अशा संकटापासून सावध राहण्याचा इशारा आहे, की जे केवळ अत्याचाऱ्यांपुरते मर्यादित राहणार नाही. म्हणजे समाजात अन्याय मुरला, की त्याची झळ सर्वांना लागते.

ही दोन वचने परस्परविरोधी नाहीत. पहिले पापाविषयी बोलते, दुसरे परिणामांविषयी. पाप वाटून घेता येत नाही. जबाबदारी मात्र वाटून घ्यावीच लागते. याचा नमुना इस्लामी कायद्यात आहे. एखाद्याच्या हातून चुकून माणूस मेला, तर मृताच्या वारसांना द्यायची दियत, म्हणजे रक्तभरपाई, एकट्या त्या व्यक्तीवर न टाकता तिच्या ‘आकिला’वर, म्हणजे नातलगांच्या गटावर, टाकली जाते. त्या नातलगांनी कोणालाही मारलेले नसते. त्यांच्या माथी पापाचा लवलेशही नसतो. तरीही ते पैसे भरतात, कारण हा माणूस त्यांचा आहे आणि मेलेल्याच्या घरी चूल पेटली पाहिजे. दोषी नसतानाही देणे लागणे म्हणजे काय, हे यावरून समजते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलेला नौकेचा दृष्टान्त (सहीह बुखारी) आपण सर्वांनी ऐकला आहे. काही लोक नौकेच्या वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे, म्हणून आपल्याच भागात भोक पाडावे असे त्यांना वाटले. वरच्यांनी त्यांना अडवले तर सगळे वाचतील; दुर्लक्ष केले तर सगळे बुडतील. आपण नेहमी याचा अर्थ ‘वाईटाला रोखा’ एवढाच घेतो. पण एक प्रश्न राहून जातो: खालच्यांना पाण्यासाठी रोज जो त्रास होत होता, त्याची विचारपूस वरच्यांनी केली होती का? ज्या घरातून मुले भरतीला धावतात, त्या घरांविषयीही हाच प्रश्न आहे.

कृत्य नाकारले, माणूस टाकला नाही

या विषयावरील सर्वांत स्पष्ट धडा प्रेषितांच्या जीवनातच आहे. मक्काविजयानंतर त्यांनी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांना बनू जजीमा या कबिल्याकडे इस्लामचे आमंत्रण घेऊन पाठवले, लढण्यासाठी नव्हे. त्या लोकांना आपण इस्लाम स्वीकारला, हे नीट शब्दांत सांगता आले नाही. हजरत खालिद यांनी त्याचा वेगळा अर्थ घेतला. काहींना ठार केले, काहींना कैद केले आणि प्रत्येक सैनिकाने आपल्या ताब्यातील कैद्याला ठार करावे, असा हुकूम दिला. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी, आपण आणि आपले साथी हे करणार नाही, असे ठामपणे सांगितले. ही वार्ता मदीनेच्या त्या सर्वोच्च नेत्याला कळली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून, खालिद यांनी जे केले त्यापासून आपण मुक्त आहोत, असे अल्लाहपाशी दोनदा सांगितले. हे सहीह बुखारीत नमूद आहे.

तेवढ्यावर प्रकरण संपले असते, तर “माझे हात स्वच्छ आहेत” म्हणणाऱ्यांना आधार मिळाला असता. परंतु चरित्रग्रंथ पुढची हकीकत सांगतात. प्रेषितांनी हजरत अली (रजि.) यांना द्रव्य देऊन त्या कबिल्याकडे पाठवले. त्यांनी प्रत्येक जिवाची दियत दिली, मालमत्तेचे नुकसान भरून दिले, अगदी कुत्र्याच्या पाणी पिण्याच्या भांड्यापर्यंत. काही रक्कम उरली, तीही त्यांनी त्याच लोकांना देऊन टाकली. न जाणो, एखादे नुकसान मोजायचे राहून गेले असेल. प्रेषितांनी त्यांच्या या कृतीची प्रशंसा केली. आणि हजरत खालिद? त्यांना समाजाबाहेर काढले गेले नाही. चूक स्पष्टपणे चूक ठरवली गेली, पण पुढेही ते त्याच समाजाचे सैनिक राहिले.

तीन गोष्टी एकाच प्रसंगात घडल्या. अन्यायाला अन्याय म्हटले गेले. पीडितांची भरपाई समाजाने केली. आणि चुकलेल्या माणसाला आपल्यातून तोडले नाही. यांपैकी एक जरी वगळली, तरी उरलेल्या दोन विकृत होतात.

आज्ञापालनाची मर्यादा

कोणी म्हणेल, मग सैनिकाचा स्वतःचा काहीच दोष नाही का? आहे. हजरत अली (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना पाहा. प्रेषितांनी एका तुकडीवर नायक नेमला. तो रागावला, लाकडे जमवून आग पेटवायला लावली आणि सैनिकांना तिच्यात उडी घेण्याचा हुकूम दिला. ते थबकले, आगीपासून वाचण्यासाठीच तर आपण प्रेषितांकडे आलो, असे म्हणू लागले. तोवर आग विझली, नायकाचा रागही निवला. प्रेषितांना हे कळले तेव्हा त्यांनी सांगितले, की ते आत शिरले असते तर त्यातून कधीच बाहेर पडले नसते. आज्ञापालन केवळ उचित गोष्टीत असते.

म्हणून निःशस्त्राला मारण्याचा हुकूम कोणीही दिला, तरी तो पाळणाऱ्याला अल्लाहसमोर उत्तर द्यावेच लागेल. पण त्या हुकमाला नकार देणाऱ्या सैनिकाच्या पाठीशी समाज उभा राहिला पाहिजे, हेही त्यात आलेच. हजरत अब्दुल्लाह बिन उमर नकार देऊ शकले, कारण न्यायाची बाजू घेणारे नेतृत्व मागे आहे, याची त्यांना खात्री होती. आपल्या गावच्या मुलाला अशी खात्री आपण दिली आहे का?

जुन्नर-आंबेगावात बसून आपण काय करावे?

पहिली जबाबदारी पाठवण्यापूर्वीची. आपल्या राज्यघटनेनुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही भाग शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात. सैन्य कोठे आणि का पाठवले जाते, तेथे नागरिकांच्या जिवाची काळजी घेतली जाते का, हे आपल्या प्रतिनिधीला सनदशीर मार्गाने विचारणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे आणि मुसलमानासाठी साक्ष देण्याचे कर्तव्यही आहे. सूरह अल-माइदा (५:८) मध्ये, एखाद्या समूहाविषयीच्या शत्रुत्वामुळे न्याय सोडू नका, अशी ताकीद आहे. ती सरकारला जशी लागू आहे, तशीच सरकारवर टीका करणाऱ्यालाही.

दुसरी जबाबदारी तो सीमेवर असतानाची, म्हणजे त्याच्या घराची. खलिफा हजरत उमर (रजि.) रात्री गस्त घालत असताना एका घरातून पतीच्या विरहाने व्याकुळ झालेल्या स्त्रीचा आवाज त्यांनी ऐकला. त्यांनी आपली कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले, की स्त्री पतीशिवाय किती काळ धीर धरू शकते. त्यांच्या उत्तरावरून त्यांनी सैनिकांना ठरावीक महिन्यांहून अधिक काळ घरापासून दूर न ठेवण्याचा नियम केला. एवढ्या विशाल राज्याच्या प्रमुखाला एका घरातील उसासा ऐकू गेला. आपल्याला शेजारच्या घरातला ऐकू येतो का? शेजारी मुसलमान असो वा हिंदू. सूरह अन-निसा (४:३६) मधील शेजाऱ्याच्या हक्कात जवळचा आणि दूरचा, दोन्ही शेजारी आले आहेत. सैनिकाच्या आईला दवाखान्यात नेणे, त्याच्या पत्नीचे तहसील कचेरीतील काम करून देणे, शेतीच्या हंगामात हात लावणे, यासाठी युद्धाविषयी एकमत असावे लागत नाही.

तिसरी जबाबदारी तो परतल्यानंतरची. २०२२ पासून लागू झालेल्या अग्निपथ योजनेत जवानाची सेवा चार वर्षांची आहे. त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम केला जातो. बाकीचे एकरकमी निधी घेऊन, निवृत्तिवेतनाविना घरी येतात. पंचविशीच्या आतबाहेरचा हा तरुण आपल्या गावात परतणार आहे. त्याला काम, कर्ज, सल्ला यांची गरज पडेल. अनेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. तेथवर जाण्याची वाट त्याला दाखवा. आपल्या भागातून नव्वदेक किलोमीटरवर पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीत मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे आणि पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरी संस्थाही आहे. लग्नकार्याला, खरेदीला आपण पुण्याला जातोच. आजाऱ्याची विचारपूस करणे ही सुन्नत आहे. एकदा परवानगी घेऊन तेथेही जाऊन या. ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो, त्यात सदक्याचा वाटा टाका.

आणि तो जवान बोलू लागला, तर ऐका. त्याने पाहिलेले कदाचित त्याला झोपू देत नसेल. शौर्याच्या कथा सांगण्याचा आग्रह धरू नका आणि न्यायाधीश होऊन उलटतपासणीही घेऊ नका. त्याच्या हातून काही चुकले असेल, तर तौबेचे दार उघडे आहे, हे सांगणारा एक माणूस त्याला हवा असतो.

चौथी जबाबदारी सर्वांत अवघड आहे: समोरच्या बाजूच्या पीडितांची आठवण. जाफन्यातील त्या रुग्णालयात मेलेले रुग्णही कोणाचे तरी आई-बाप होते. आपल्या सैनिकासाठी दुआ करताना त्यांच्यासाठी न्याय मागणे यात विसंगती नाही. हजरत अली (रजि.) यांनी उरलेली रक्कमही देऊन टाकली, ती याच जाणिवेने.

एक शंका

“हे सारे करणे म्हणजे चुकीच्या युद्धाला साहाय्य करणे नव्हे काय?” ही शंका रास्त आहे. सूरह अल-माइदा (५:२) मध्ये पाप आणि अत्याचाराच्या कामी सहकार्य करण्यास मनाई आहेच. परंतु अत्याचार करणाऱ्या भावालाही मदत करा, असे प्रेषितांनी सांगितले, तेव्हा साथीदारांनी विचारले, पीडिताला मदत करणे समजले, पण अत्याचाऱ्याला कशी? उत्तर मिळाले, की त्याचा हात धरणे हीच त्याची मदत (सहीह बुखारी). ज्याचा हात धरायचा, त्याच्या जवळ असावे लागते. पाठ फिरवलेल्या माणसाला कोणाचाही हात धरता येत नाही.

उद्या पहाटे तो धावणारा मुलगा पुन्हा दिसेल. त्याचे नाव विचारा, घर विचारा. उद्या तो कोठेही पाठवला गेला, तरी गावातल्या एखाद्या पाटीवरचा आकडा होऊ नये.

हे अल्लाह, आमच्या राज्यकर्त्यांना न्यायाची बुद्धी दे, आमच्या मुलांचे हात निरपराधांच्या रक्तापासून दूर ठेव, आणि जे परत येतील त्यांच्यासाठी आमची दारे उघडी राहू देत. आमीन.

घरात एकत्र बसून विचार करण्यासाठी

१. पाप आणि जबाबदारी यांतील फरक ‘आकिला’च्या उदाहरणावरून मुलांना समजावून सांगा.
२. बनू जजीमाच्या प्रसंगातील तीन गोष्टींपैकी कोणती गोष्ट आपल्याकडून सर्वाधिक दुर्लक्षिली जाते?
३. आपल्या मोहल्ल्यात किंवा वाडीत सैनिकाचे कुटुंब आहे का? या महिन्यात त्यांच्यासाठी आपण कोणते एक काम करू शकतो?